लहानमोठें

दर वर्षीं नवरात्रांत आमचीं सारीं घरें अमडापुरास एकत्र येतात. चिखली तालुक्यांतील हें आमचें मूळ गांव. टेकडीवर बल्लाळदेवीचें देऊळ. कुळाचाराची वर्गणी ज्यानें त्यानें ऐपतीप्रमाणें द्यावी आणि तिची यादी ओसरीवर लावावी, मोठी रक्कम वर व लहान खालीं, अशी जुनी चाल आहे. आम्हांस ती कधींच फारशी रुचली नाहीं. पण तें असो. यंदा यादीचें काम आमच्या भाच्यानें अंगावर घेतलें. पायथन नांवाच्या संगणकभाषेंत त्यानें दहाबारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि घटकाभरांत यादी छापून लावलीहि.

त्या यादींत आमच्या काकू तळाशीं होत्या. निवृत्तिवेतनांतून थोडे थोडे बाजूस काढून त्यांनीं १००१ रुपये दिले होते. त्यांच्यावर १०१ वाले, ५१ वाले, आणि शिखरावर ९५१ देणारे आमचे एक चुलतबंधु. काकूंच्या खालीं एकच नांव, ज्याच्यापुढें रक्कमच नव्हती. काकूंनीं चष्मा पुसून यादी पुन्हां वाचली व त्या आंत निघून गेल्या. जेवतांनाहि त्या गप्पच होत्या, हें आम्हांस फार लागलें.

“मामा, यंत्र चुकलें नाहीं, मीं चुकलों,” भाचा म्हणाला. > या चिन्हानें मोठें कोण तें विचारतां येतें. पण रकमा त्यानें संख्या म्हणून न देतां अक्षरें म्हणून दिल्या होत्या. अक्षरांची तुलना शब्दकोशाच्या रीतीनें होते. पहिल्या अक्षरावर निकाल लागला कीं पुढचें कोणी पाहत नाहीं. अमडापूर हें नांव चिखलीहून लांब असलें तरी कोशांत आधींच यावयाचें. तसाच १००१ मधील १ हा ५१ मधील ५ च्या आधीं! पायथनच्या जुन्या आवृत्तींत तर अक्षरें आणि संख्या यांचीहि तुलना निमूटपणें होई. २००८ सालीं निघालेली तिसरी आवृत्ति तेवढें नाकारते. परंतु येथें दोन्ही बाजूंस अक्षरेंच असल्यामुळें तिलाहि शंका आली नाहीं. उपाय एका शब्दाचा होता, ‘इंट’, म्हणजे ही संख्या समज. त्याला देवनागरी अंकहि कळतात, हें ऐकून आम्हांस उगाचच बरें वाटलें.

दुसरा घोटाळा बरोबरीचा. १५५७ सालीं रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानें समतेसाठीं दोन समांतर रेषा योजिल्या, कारण त्यांहून अधिक सारखें असें त्याला कांहीं दिसेना. संगणकाच्या बहुतेक भाषांत एकेरी चिन्ह नांव देण्याच्या कामीं खर्चीं पडलें, म्हणून बरोबरी विचारण्यास == असें दुहेरी लागतें. आमचें बऱ्हाणपूरचें घर यादींत दोनदां आलें होतें. डोळ्यांस दोन्ही नांवें एकच. पण ‘ऱ’ कोणी एका अक्षरानें लिहितो, कोणी ‘र’ खालीं टिंब देऊन, तर कोणी ‘र’ ला हलन्त करून पुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतो. यंत्र आकृति पाहत नाहीं, तिच्यामागचे क्रमांक पाहतें. त्यामुळें एकाच बापाच्या दोन घरांत भिंत उभी राहिली. पहिल्या दोन रीति एकरूप करण्याची सोय आहे. तिसरी भाच्यानें हातानेंच सुधारली.

मग प्रोग्रॅम अडून बसला, तो त्या कोऱ्या जागेपाशीं. आमच्या एका पुतण्याची नोकरी गेल्याचें कानावर आलें होतें; त्याचें पत्र नाहीं कीं फोन नाहीं. रिकाम्या अक्षरांची संख्या करण्यास पायथन साफ नकार देतें.

“तेथें शून्य घालूं का मामा?” भाच्यानें विचारलें. जावास्क्रिप्टमध्यें, तो म्हणाला, == नें विचारल्यास कोरी जागा आणि शून्य हीं समानच ठरतात; जात न बदलतां ताडून पाहावयाचें तर तेथें === असें तिहेरी चिन्ह घालावें लागतें.

काकू केव्हां दारांत येऊन उभ्या राहिल्या, आम्हांस कळलेंच नाहीं.

“शून्य नको घालूंस रे,” त्या म्हणाल्या. “त्यानें अजून नाहीं म्हटलेलें नाहीं.”

भाच्यानें कोऱ्या जागेसाठीं निराळी एक ओळ लिहिली. सायंकाळीं नवी यादी लागली, तींत काकू पहिल्या होत्या. पण त्यांचें बोट आधीं तळाच्या ओळीवर गेलें. तेथें नांव होतें, आणि त्याच्यापुढें कांहीं नव्हतें.