उजवं-डावं

परवा एम.एस्सी.ची मुलाखत देऊन आले. विषय मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी. वय चौतीस, नोकरीची अकरा वर्षं, आणि समोर बसलेल्या तिघांपैकी एक मॅडम माझ्यापेक्षा लहान असाव्यात असं मला सारखं वाटत होतं.

निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "फोटो काढायला आणखी दोन वर्षं शिकायचं?" त्यांना काय दोष द्यायचा? आपल्याकडे एक्स-रेला अजून फोटोच म्हणतात. "ताई, फोटो चांगला काढा हं," असं म्हणून केस नीट करणारे पेशंट मी पाहिलेत. आणि मंगळसूत्र! छातीच्या एक्स-रेत ते नेमकं नको तिथे उमटतं, म्हणून काढायला सांगावं तर आजी ठाम नकार देतात. शेवटी त्यांच्याच मुठीत धरायला दिलं की जमतं. खुद्द रोंटगेननं २२ डिसेंबर १८९५ ला बायकोच्या हाताचा एक्स-रे घेतला, त्यात बोटातली अंगठी स्पष्ट दिसते. त्यालाही काढ म्हणायचं धैर्य झालं नसावं :)

असो. तयारी मी अगदी दहावीच्या मुलीसारखी केली होती. सीटीच्या हाउन्सफील्ड मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे हजार. आमच्यासारख्यांना रेडिएशनची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. सकाळी पोळ्या लाटताना एमआरआयचे टी-वन, टी-टू पुटपुटत होते. यातलं एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : "इतक्या वर्षांनी आता का?"

उत्तर पाठ होतं. २०२१ च्या कायद्यानं आमच्या व्यवसायाला आयोग मिळाला, पुढे पात्रतेला महत्त्व येणार, मला शिकवायचंही आहे, वगैरे. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण बोलता बोलता मी थांबले आणि त्या रात्रीचं सांगून टाकलं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रपाळी होती. दुचाकीवरून पडलेला एक मुलगा आयसीयूत, श्वास लागलेला. पोर्टेबल मशीन घेऊन गेले. तो झोपलेला, म्हणजे कॅसेट पाठीखाली आणि किरण समोरून, याला एपी म्हणतात. दिवसभर उभ्या पेशंटचे एक्स-रे काढतो त्यात किरण पाठीकडून येतात, ते पीए. खाली येऊन कॅसेट मशीनला दिली आणि कन्सोलवर सवयीनं बोट पडलं ते पीएवर. पीए म्हटलं की आमची सिस्टिम चित्र आरशासारखं उलटवायची. उजव्या बाजूचं 'आर' अक्षरसुद्धा तीच टाकायची. खरं तर शिशाचा मार्कर कॅसेटवर चिकटवूनच एक्स-रे घ्यायचा असतो, म्हणजे चित्र उलटलं तर अक्षरही उलटं दिसतं. पण आमचा एक मार्कर हरवलेला आणि दुसरा कुणाच्या तरी ॲप्रनच्या खिशात गेलेला.

मुलाचं डावं फुप्फुस मिटलं होतं, भोवती हवा साठली होती. चित्रात दिसत होतं उजवं. एरवी हृदयाच्या जागेवरून चूक कळली असती. पण त्या हवेनं हृदय उजवीकडे ढकललं होतं. उलट्या चित्रात ते डावीकडे, म्हणजे जवळपास जिथे असायला हवं तिथेच! मी बघितलं, बरोबर वाटलं, पाठवून दिलं.

आमचे सीनियर काका चहाचा कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, "अगं, याच्या जठरातली हवा उजवीकडे कशी?"

मी फोन केला. कुणी उचलेना. दोन जिने पळत गेले. रेसिडेंट डॉक्टर मुलाची उजवी बाजू पुसून तयार करत होता. मला बघून थांबला. म्हणाला, स्टेथोनं ऐकल्यापासून शंका येत होती, पण एक्स-रे समोर होता म्हणून...

मुलगा वाचला. नवव्या दिवशी घरी गेला. त्याच्या आईनं जाताना सगळ्यांना पेढे दिले, मलाही. तो पेढा मी खाल्ला, हे मला अजून आठवतं.

मुलाखतीच्या खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या तरुण मॅडमनी विचारलं, "तुम्ही हे कुठे नोंदवलंत?"

"नाही," म्हटलं. खरं तेच होतं. काका म्हणाले होते, वेळेत लक्षात आलं ना, मग जाऊ दे. मीही जाऊ दिलं. आमच्याकडे नोंदवायला तसं रजिस्टरही नव्हतं, पण ही सबब आहे, मला कळतं.

मग त्या म्हणाल्या, प्रबंधाला काय विषय घ्याल? पाठ केलेलं उत्तर होतं 'रिजेक्ट ॲनालिसिस', म्हणजे किती एक्स-रे पुन्हा काढावे लागले आणि का, याचा हिशेब. चांगला, सुटसुटीत विषय आहे. पण हलल्यामुळे धूसर आलेला एक्स-रे रद्द होतो, म्हणून मोजता येतो. माझा त्या रात्रीचा एक्स-रे तर सुरेख आला होता. तो कुठल्या मोजणीत येणार? मी म्हटलं, मला मार्कर बघायचे आहेत. एका विभागातले काही महिन्यांचे एक्स-रे घेऊन, किती चित्रांत शिशाचं अक्षर आहे आणि किती ठिकाणी नंतर कन्सोलवरून टाकलंय, एवढंच. तिघांपैकी एका सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही, उलटं वाचायचा प्रयत्न केला तरी.

निकाल पुढच्या आठवड्यात. नाही झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरेन, फी तेवढी वाढलेली असेल.

येताना दोन मार्कर घेऊन आले, 'आर' आणि 'एल', खाली माझी आद्याक्षरं. सासूबाईंनी हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, "चांदीचे आहेत का गं?"