ती सोलापूरला आली, त्यानंतर?

डेव्हिड लीनचा 'रायन्स डॉटर' हा १९७०चा सिनेमा नुकताच पाहिला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं खेडं, पहिल्या महायुद्धाचा काळ. शिक्षकाची बायको रोझी गावात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. क्रांतिकारकांची खबर फोडतो तिचा बाप. पण गाव तिला धरतं, तिचे केस कापतं. समीक्षकांनी सिनेमा असा झोडपला की लीननं पुढं चौदा वर्षं दुसरा सिनेमा काढला नाही. लांबण आहेच, पण युद्धाचा हिशेब तो घरातल्या बाईच्या अंगावर मांडतो, एवढं मला पुरलं.

पुण्यातल्या आमच्या वारज्यातून शिवणे, उत्तमनगर ओलांडलं की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए लागते. तिथला सुदान ब्लॉक दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी पडलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ, सुदाननं दिलेल्या एक लाख पौंडांपैकी भारताच्या वाट्याला आलेल्या सत्तर हजारांतून बांधला गेला. रणात पडलेल्याचं स्मारक होतं. त्याच्या घरातल्यांचं काय, हे सांगायला निदान सिनेमानं तरी पुढं यावं.

आपल्याकडं तशी संधी आली होती. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते; बाकीचे चौघे परतले, हे राहिले. वडील वारल्याचं त्यांना तिकडंच कळलं, तरी काम सोडून ते आले नाहीत. १९४१ मध्ये क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलगा झाला आणि ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यानं डॉक्टर गेले. वय अवघं बत्तीस.

व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. कथा ख्वाजा अहमद अब्बासांची, डॉक्टर स्वतः शांताराम आणि चिनी बायको जयश्रीबाई. शेवटी ती मूल घेऊन सासरी येते आणि डॉक्टरांचा आवाज तिला घर दाखवत राहतो. प्रसंग देखणाच. पण शांतारामबापूंनी गोष्ट नेमकी तिथं थांबवली, जिथं तिची सुरू होते. तेव्हा त्यांच्यापुढं तिचं आख्खं आयुष्य नव्हतं, हेही खरं. ते आता आपल्यापुढं आहे.

प्रत्यक्षात छिंगलानबाई चीनमध्येच राहिल्या. मुलगा वैद्यकीचं शिक्षण घेत असताना ऐन पंचविशीत गेला. त्या भारतात येत राहिल्या, सोलापूरच्या माणसांशी नातं जपत राहिल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. म्हणजे एका वर्षाच्या संसारानंतरची सत्तर वर्षं! त्यात चीनमधली उलथापालथ आली, १९६२ चं भारत-चीन युद्धही आलं. सासर आणि माहेर एकमेकांवर बंदुका रोखून उभे असताना या बाईनं काय सोसलं असेल?

कोटणीसांवर आपण भाषणं पुष्कळ केली. आता एखाद्या मराठी दिग्दर्शकानं १९४२ पासून पुढं, छिंगलानबाईंच्या बाजूनं सिनेमा करावा.