'झालं बाई' म्हणणारे संगणक

तर मंडळी, आमच्या घरात सध्या तीन संगणक नांदतात आणि तिघांची कुळं वेगवेगळी. माझा टेबलावरचा संगणक २०१६ साली घेतलेला. त्यावर विंडोज १० होतं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार काढून घेतला, आणि विंडोज ११ काही या यंत्रावर चढेना. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, शिवाय प्रोसेसरही नव्या पिढीतला लागतो. यंत्र अगदी ठणठणीत, पण नियमात बसत नाही. (अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून निरोप समारंभ झालेल्या आम्हा शिक्षकांना हे नवीन नाही!) मग भाच्याने त्यावर लिनक्स मिंट घालून दिलं, तेही चकटफू. आमच्या ह्यांच्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. आणि पुण्याहून नातू आला की त्याच्याबरोबर त्याचा मॅक येतो.

त्यामुळे हल्ली नातेवाईकांत मला तज्ज्ञ समजायला लागले आहेत. "मावशी, यातलं चांगलं कोणतं?" असे फोन येतात. खरं सांगायचं तर रोजच्या कामात फार फरक जाणवत नाही. पत्र टंकायचं, ब्लॉग लिहायचा, विजेचं बिल भरायचं, नातवाचा चेहरा पाहायचा. मी पहिल्यापासून इनस्क्रिप्ट कळफलक शिकले, तो थोड्याफार फरकाने तिन्हीकडे सापडतो. त्यामुळे मराठी लिहिताना बोटांना घर बदलल्याचं कळतसुद्धा नाही. झेरॉक्सवाला, छपाईवाला, सोसायटीचा हिशेबनीस हे सगळे विंडोजवाले, म्हणून अडलं तर विचारायला माणूस विंडोजचाच लवकर मिळतो. मॅक दिसायला देखणा आणि वागायला मऊ, पण तो ॲपलच्याच यंत्रावर मिळणार आणि त्याची किंमत पेन्शनीत बसणारी नाही. मिंटने माझ्या म्हाताऱ्या यंत्राला पुन्हा चालतं केलं, म्हणून माझं माप तिकडे थोडं झुकतं. असो.

या तिघांचे खरे स्वभाव मला कळले ते पेनड्राइव्हमुळे.

वर्गात शुद्धलेखन घालताना मी विचारायची, "झालं का?" की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "झालं बाई!" जाऊन पाहावं तर शेवटच्या दोन ओळी अजून पोरांच्या डोक्यातच, वहीवर उतरायच्या बाकी. संगणकाचं अगदी तसंच असतं. आपण एखादी फाईल पेनड्राइव्हवर पाठवतो तेव्हा ती आधी संगणकाच्या स्वतःच्या स्मृतीत घेतली जाते, कारण ती स्मृती वेगवान आणि पेनड्राइव्ह मंद. तिथून ती हळूहळू पेनड्राइव्हवर उतरवली जाते. पडद्यावरची पट्टी भरली याचा अर्थ पुष्कळदा इतकाच, की संगणकाने ऐकून घेतलं. लिहून झालंच असेल असं नाही.

लिनक्सचं हे फार जाणवतं. नेहमीच्या मांडणीत तो मोकळ्या स्मृतीच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत असं न उतरवलेलं काम धरून ठेवू शकतो, आणि लहानसहान काम असेल तर तीसेक सेकंद निवांत बसूही शकतो. आठ जीबी स्मृती असलेल्या यंत्रावर एखाद जीबीची फाईल चुटकीसरशी 'गेली' असं वाटतं. मग आपण इजेक्टची खूण दाबतो आणि तो सांगतो, थांबा, लिहिणं चालू आहे, काढू नका. दोन मिनिटं, कधी तीन. नवख्या माणसाला वाटतं की अडकलं. अडकलेलं नसतं, तेव्हाच खरं काम चाललेलं असतं.

विंडोजने उलट धोरण धरलं. माणसं थांबत नाहीत हे त्यांनी ओळखलं असावं. ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी 'झटपट काढणे' ही ठेवण त्यांनी मूळचीच करून टाकली. म्हणजे साठवून ठेवणं टाळायचं आणि लगोलग उतरवायचं. त्यात वेग थोडा जातो, पण पट्टी पुष्कळशी खरं बोलते. म्हणून काही लोक सांगतात की विंडोजमध्ये आता 'सेफली रिमूव्ह' लागतच नाही. मी तरी ते करते. एखादा प्रोग्राम अजून त्या फाईलवर बसलेला असेल तर तो तेव्हाच सांगतो, की ड्राइव्ह वापरात आहे. बहुतेक वेळा आपणच वर्डची खिडकी उघडी ठेवलेली असते.

आणि मॅक? तुम्ही न सांगता पेनड्राइव्ह ओढलात, की कोपऱ्यात पाटी येते: डिस्क नीट बाहेर काढली नाही. आता काढल्यावर बोलून काय उपयोग! गंमत म्हणजे मॅकवर पेनड्राइव्हचं चित्र कचरापेटीकडे ओढत नेलं की तो सुखरूप बाहेर येतो. पहिल्यांदा नातवाने असं केलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. "आजी, काही पुसलं जात नाही, बघ चित्र बदललं," म्हणाला. खरंच कचरापेटीच्या जागी इजेक्टची खूण दिसत होती.

हे सगळं इतकं तपशिलात लिहिण्याचं कारण घरातल्या काहींना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते.

आमची अक्का, माझी थोरली बहीण, २००९ साली गेली. जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या याचा हिशेब नाही. १९८७ साली माझ्या टेपरेकॉर्डरवर तिच्या दोन कॅसेटी भरल्या होत्या, चार बाजू, प्रत्येकी अर्धा तास. मागून घरघर ऐकू येते ती खऱ्या जात्याची. जात्याशिवाय म्हणायला तिला सुचतच नसे. तिच्या मुलाने, म्हणजे वर आलेल्या भाच्यानेच, २०२३ च्या दिवाळीत त्या कॅसेटी लॅपटॉपवर उतरवल्या. चार फाईली, मिळून साधारण सव्वा जीबी. उतरवताना दुसऱ्या कॅसेटची फीत शेवटी ओढली जाऊन चुरगळली, पण तोवर आवाज संगणकात आला होता, म्हणून कोणी हळहळलं नाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी एकाची एसटी सुटायला आली होती. कोणाची ते लिहीत नाही, वाचणारे सगळे घरचेच. भाचा अंघोळीला गेलेला. ह्या गृहस्थांनी लॅपटॉप उघडला, चारही फाईली 'कॉपी'ऐवजी 'कट' केल्या, पेनड्राइव्हवर 'पेस्ट' केल्या, पट्टी भरलेली पाहिली आणि पेनड्राइव्ह ओढून खिशात टाकला. लॅपटॉप लिनक्सचा. सव्वा जीबी साध्या पेनड्राइव्हवर उतरायला सेकंदाला दहा एमबी धरले तरी दोन मिनिटं लागतात. पट्टी पंधरा-वीस सेकंदांत भरली होती.

'कट'मध्ये काय होतं पाहा. दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये 'हलवणं' असं काही नसतंच. संगणक आधी नक्कल करतो आणि मग मूळ पुसतो. इथे नक्कल अजून हवेत होती आणि मूळ पुसून झालं होतं. गावी पोचल्यावर फोन आला, "मावशी, फाईली दिसतात पण वाजत नाहीत."

भाच्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे लॅपटॉप बंद. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही, फक्त तिची जागा 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र संपलं. नशिबाने लॅपटॉप जुना, फिरत्या तबकडीचा होता. हल्लीच्या एसएसडीत मोकळी झालेली जागा यंत्र स्वतःच आतून साफ करून टाकतं, तिथे आशा फार थोडी असते. त्याने ती हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोरेक नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. नावात फोटो असला तरी तो आवाजाच्या फाईलीही शोधतो. अनुक्रमणिकेकडे बघतच नाही, एकेक पान उलटत कुठे काय सुरू होतं ते ओळखतो. त्यामुळे फाईली मिळाल्या तरी त्यांची नावं मिळत नाहीत. एफ अक्षर आणि पुढे आकडे, अशा शेकडो फाईली निघाल्या. त्यात फोनच्या घंटा, कुठल्याशा खेळाचे आवाज, कोणाचं तरी इंग्रजीचं व्याख्यान.

त्या ऐकायचं काम माझ्याकडे आलं. दोन दुपारी कानाला हेडफोन लावून बसले होते. अक्काचा आवाज ओळखणारं आता घरात दुसरं कोण आहे? टिंग, टुंग, ठणाणा, आणि मग एकदम जात्याची घरघर. हात थांबला माझा. तीन बाजू पूर्ण मिळाल्या. चौथी सतराव्या मिनिटाला तुटते, ओवीच्या मध्येच. ती चुरगळलेल्या कॅसेटची बाजू. तिच्या शेवटी अक्काने माहेरच्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन एकेक ओवी म्हटली होती. आईची झाली, दादांची झाली, माझी यायची होती. ती काय होती ते मला पुसटसं आठवतं. पण तिच्या आवाजात नाही.

एसटीवाल्यांना मी बोलले नाही. मुलगा गुणी आहे, आणि पट्टी भरली म्हणजे झालं, असं यंत्रानेच त्याला दाखवलं होतं.

त्यानंतर पेनड्राइव्हच्या भाषेचाही थोडा अभ्यास केला. प्रत्येक ड्राइव्हवर माहिती ठेवण्याची एक लिपी असते असं समजा. विंडोजची एनटीएफएस, मॅकची हल्लीची एपीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४. आजोबांच्या पिढीत मोडी वाचता येणारे पुष्कळ, पण आमच्या पिढीत कसंबसं वाचता येईल, लिहिता मात्र येणार नाही, अशी गत. मॅकचं एनटीएफएसशी तसंच आहे, वाचतो पण लिहीत नाही. आणि विंडोजला मॅकची किंवा लिनक्सची लिपी कळली नाही तर तो सरळ विचारतो, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायला हवी, करू का? ज्येष्ठ मंडळींनो, इथे 'हो' म्हणू नका! त्याला वाचता येत नाही म्हणून वही कोरी करायला निघालाय. मुकाट्याने रद्द करा आणि ड्राइव्ह ज्याची त्याला परत करा.

तिघांनाही चालणारी लिपी म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली, २०१९ मध्ये तिचे तपशील सर्वांना खुले केले आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात ती आली. जुनी फॅट३२ सुद्धा सगळीकडे चालते, पण तिच्यात चार जीबीहून मोठी एकच फाईल मावत नाही, लग्नाचं चित्रीकरण तिथे अडतं. मात्र या दोन्हींत रोजकीर्द नाही. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ आधी रोजकीर्दीला नोंद करतात, मग खतावणी. मध्येच वीज गेली तर रोजकीर्द पाहून खातं जुळवता येतं. एक्सफॅटचा पेनड्राइव्ह मध्येच उपटला तर ती सोय नाही. म्हणजे तिघांकडे जाणारा ड्राइव्हच सर्वांत जपून काढायचा.

पुसण्यातही तिघांची तऱ्हा निराळी. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवरचं पुसलं की पुसलंच, ते रिसायकल बिनमध्ये जात नाही. मॅक आणि लिनक्स पेनड्राइव्हवरच एक लपलेली कचरापेटी करतात, म्हणून "सगळं पुसलं तरी जागा होत नाही" अशी तक्रार येते. पेटी रिकामी करा, जागा होईल. शिवाय मॅक अशा पेनड्राइव्हवर प्रत्येक फाईलमागे एक चिमुकली सावली सोडू शकतो, टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी. नातवाने दिलेल्या पेनड्राइव्हवर ह्यांना अक्काच्या चारऐवजी आठ फाईली दिसल्या, त्यातल्या चार वाजेनात. दोघे घाबरलो होतो. ते निव्वळ मॅकचं टिपण होतं.

पेनड्राइव्ह ही कायमची साठवण मात्र नव्हे. त्यातली माहिती विजेच्या सूक्ष्म भारावर टिकते आणि तो भार वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर झिरपतो. म्हणून अक्काच्या फाईली आता माझ्या बाहेरच्या हार्डडिस्कवर आहेत, भाच्याकडे आहेत आणि नातवाने महाजालावरही चढवून ठेवल्या आहेत.

ज्यांना प्रत हवी आहे त्यांनी आपापला पेनड्राइव्ह घेऊन यावं, एक्सफॅट केलेला असला तर उत्तम. कॉपी मी करीन. येताना एसटीच्या वेळेच्या अर्धा तास आधी या, चहा ठेवते. चौथी फाईल सतराव्या मिनिटाला थांबेल, ती तशीच आहे. तुमचा पेनड्राइव्ह बिघडलेला नाही.