मे महिन्यात तुमच्या शाळेचा टॅब कुठे असतो?



प्रश्न साधा आहे. मेच्या सुरुवातीला शाळा सुटते, जूनच्या मध्यावर उघडते. मधल्या सहा आठवड्यांत शाळेचे टॅब कुठे असतात?

आमचे लोखंडी कपाटात असायचे. कपाट पत्र्याच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेलं. चोरीची भीती म्हणून खिडक्या बंद, दाराला कुलूप. आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी सगळे टॅब शंभर टक्के चार्ज करून ठेवायचो. जूनमध्ये पहिल्याच दिवशी पोरांच्या हातात चालू टॅब यावा, एवढीच भावना. आपण फार जबाबदारीने वागतोय असं वाटायचं मला.

एका जूनमध्ये कपाट उघडलं तर दहापैकी दोन टॅबची काच एका कडेने उचलली गेलेली. मागचं झाकण पापड फुगावा तसं फुगलेलं. आणखी चार टॅब वरून ठणठणीत दिसत होते, पण चार्ज केले की तासाभरात मान टाकायचे. मी कागदपत्रांत गुंतलेलो असताना चौथीतली एक मुलगी त्या फुगलेल्या टॅबवर दोन्ही अंगठे ठेवून जोर लावत होती. मला म्हणाली, "सर, दाबलं की बसतंय बघा." मी तो तिच्या हातातून घेतला आणि बाजूला ठेवला. तिने काय दाबलं होतं हे नंतर वाचलं, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. त्याबद्दल पुढे सांगतो.

हे टॅब सरकारी नव्हते, लोकवर्गणीचे होते. गावातल्या एका सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाने, त्यात पाचशे रुपये घातले होते. पोरीला शाळेत सोडायला आला तेव्हा टेबलावर ते दोन टॅब पडलेले त्याने बघितले. "काय व्हयनं गुर्जी?" एवढंच विचारलं. मी "बॅटरी गेली" म्हणालो. कंपनीचा माल खराब निघाला असं सांगायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण चूक माझीच होती.

जळगावात बदलून येण्याआधी मी धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात होतो. धुळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळा लोकवर्गणीतून डिजिटल करायची लाट आली ती मी जवळून पाहिली. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक गावोगाव फिरले, लोकांनी पैसे काढले, प्रोजेक्टर आणि टॅब आले. त्या काळात आम्हाला ॲप कसं टाकायचं, पीडीएफ कशी उघडायची, क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा, हे सगळं शिकवलं गेलं. पण टॅबला ऊन सोसत नाही, हे कुणी बोललं नाही. आम्हीही विचारलं नाही. खान्देशात राहून उन्हाबद्दल काय विचारायचं!

आता मुद्द्यावर येतो. टॅबला पंखा नसतो. लॅपटॉपमध्ये छोटा पंखा घरघरतो, तसं यात काही नाही. आत जी उष्णता तयार होते ती मागच्या पाठीतून आणि पुढच्या काचेतून बाहेरच्या हवेत जाते, बस्स. सातवीच्या सामान्य विज्ञानातला 'उष्णता' हा पाठ आठवा. उष्णता जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, आणि दोन्हींत फरक जितका मोठा तितकी लवकर जाते. खोलीत 25 अंश असतील आणि टॅबची पाठ 42 वर असेल, तर सतरा अंशांचा उतार आहे, उष्णता धावत बाहेर पडते. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारी बाराला वर्गातच 40 अंश असतात. म्हणजे उतार उरला दोन अंशांचा. उष्णता आतच साचते आणि टॅब आणखी तापतो. पंखा लावला तरी तो 40 अंशांचीच हवा फिरवतो. थोडा उपयोग होतो, पण मुंबई-पुण्याचे लोक सांगतात तेवढा नाही.

आयपॅड बनवणारी कंपनी स्पष्ट सांगते की वापरताना आजूबाजूचं तापमान 35 अंशांपर्यंतच असावं. आता तुम्हीच सांगा, मार्च संपल्यावर जळगाव, भुसावळ, धुळे इथे सकाळी अकरानंतर 35 च्या खाली काय असतं? माठातलं पाणी! मेमध्ये तर भुसावळचा पारा 45 ओलांडतो, हे पेपरात दरवर्षी येतंच. 2024 च्या मेअखेरीस जळगाव जिल्ह्यात उन्हामुळे कलम 144 लावायची वेळ आली होती. त्या दिवसांत आपण माणसं अंगावर रुमाल, डोक्यावर उपरणं आणि खिशात कांदा घेऊन फिरतो, आणि टॅब मात्र स्कूटरच्या डिकीत टाकून केंद्राच्या मीटिंगला नेतो. डिकी म्हणजे भट्टीच. मीही नेलेला आहे.

तापला की टॅब आधी स्वतःला वाचवायचा प्रयत्न करतो. प्रोसेसरचा वेग कमी करतो, म्हणून व्हिडिओ अडखळतो. पडदा आपोआप मंद होतो. मग चार्जिंग थांबवतो. शेवटी सूचना दाखवून बंद पडतो. आपल्याला वाटतं नेट गेलं किंवा टॅब जुना झाला. मुलं वैतागून दहा वेळा बोटं मारतात. खरं तर तो दमलेला असतो, त्याला सावलीत बसवायचं असतं.

हे मी मुलांनाच शोधायला लावलं. कोरोनाच्या वेळची कपाळावर धरायची थर्मामीटरची बंदूक बहुतेक शाळांच्या कपाटात धूळ खात पडली असेल. तिच्यात शरीराचं आणि वस्तूचं असे दोन प्रकार असतात, वस्तूचा निवडा. आम्ही तीन सारखे टॅब घेतले. एक सतरंजीवर ठेवला, एक रबरी कव्हरसकट बाकावर, आणि एक कव्हर काढून दोन लाकडी पट्ट्यांवर, म्हणजे खालून हवा जाईल असा. तिघांवर एकच व्हिडिओ, एकाच उजेडात, वीस मिनिटं. दर पाच मिनिटांनी एक गट पाठीचं तापमान मोजून फळ्यावर लिहायचा. आम्ही चार वेगवेगळ्या दिवशी केलं, सतरंजीवरचा दर वेळी सगळ्यांत गरम निघाला. वहन आणि अभिसरण हे शब्द मुलांना त्या दिवशी समजले. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे त्याला गोधडी घातल्यासारखं झालं." याहून चांगली व्याख्या मला देता आली नसती. प्रारणासाठी चौथा टॅब उन्हात ठेवू या का, असंही त्यांनी विचारलं. ते मात्र करू नका, बिघाडाची वाट कशाला बघायची. त्याऐवजी काळी पाटी आणि पांढरा कागद उन्हात ठेवून मोजा.

पालकहो, हा प्रयोग तुमच्यासाठीही आहे. घरी मूल गादीवर पालथं पडून, टॅब किंवा मोबाईल गोधडीवर टेकवून, चार्जर लावलेलाच ठेवून गेम खेळतं. यात तीन गोष्टी एकदम होतात: खालून हवा बंद, चार्जिंगची उष्णता, गेमची उष्णता. चार्ज होताना बॅटरी आपणहून तापते, त्यात वापर चालू असला की भर पडते. त्यातल्या त्यात एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा: चार्जिंगला लावलं की हातात द्यायचं नाही. मूल रडेल. रडू द्या.

शाळेत आम्ही चार्जिंगची वेळच बदलली. आधी मधल्या सुट्टीत लावायचो, तेव्हा वर्ग सगळ्यांत गरम. आता शाळेत आल्या-आल्या, परिपाठाच्या आधी लावतो, कव्हर काढून, एकावर एक न रचता. साधारण ऐंशी टक्क्यांवर काढून घेतो. सकाळच्या शाळेचा आपल्याला इथे फायदाच आहे. 2025 च्या उन्हाळ्यात राज्यभर प्राथमिक शाळा सकाळी 7 ते 11.15 झाल्या, तेव्हा टॅबचा तास आम्ही पहिल्या दोनांत घेतला आणि नंतर फळा, वही, गोष्टी. अकरा वाजता टॅब काढायचाच नाही, असा नियम केला.

दुसरी गोष्ट नेटची. गावात रेंज कमी असली की टॅब टॉवर शोधण्यात जोर लावतो आणि त्यानेही तापतो. दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवा आणि वर्गात विमान मोड लावा. टॅब थंड राहतो आणि मुलांचं लक्ष दुसरीकडे जात नाही. पडद्याचा उजेड अर्ध्यावर आणा. त्यासाठी खिडकीच्या झोतातली जागा सोडून भिंतीच्या सावलीत बसवा, म्हणजे कमी उजेडातही दिसतं.

आणि टॅब तापलाच तर? वापर थांबवा, चार्जर काढा, कव्हर काढा, बंद करून सावलीत फरशीवर ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं. फ्रिजमध्ये ठेवू नका. आमच्या एका सहकाऱ्याने घरी ठेवला होता. बाहेर काढल्यावर गार ग्लासाला सुटतं तसं आतून पाणी सुटतं, आणि ते पाणी सर्किटवर बसतं. ओलं फडकं गुंडाळणं, कूलरच्या तोंडाशी धरणं हेही नको. माठाला ओलं फडकं चालतं, टॅबला चालत नाही.

आता त्या फुगलेल्या बॅटरीबद्दल. लिथियमच्या बॅटरीत उष्णतेने आतली रसायनं बिघडतात आणि वायू तयार होतो, म्हणून ती फुगते. ती दाबली, वाकवली किंवा टोचली तर आतले थर एकमेकांना लागून पेट घेऊ शकते. त्या मुलीचे अंगठे आठवले की अजूनही नको वाटतं. असा टॅब दिसला तर तो चार्जला लावू नका, उघडू नका, मुलांपासून दूर फरशीवर किंवा वाळूच्या घमेल्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. शाळेचा कचरा आपण मैदानाच्या कोपऱ्यात पेटवतो, त्यात तर अजिबात नको.

राहिला सुट्टीचा प्रश्न. बॅटरीविषयी वाचताना एक हिशोब सापडला तो माझ्या वहीत लिहून ठेवलाय: बॅटरी पूर्ण भरून 40 अंशांत वर्षभर ठेवली तर तिची ताकद साधारण 65 टक्के उरते, आणि 40 टक्के भरून ठेवली तर 85 टक्के. म्हणजे मी जबाबदारीने शंभर टक्के भरून, पत्र्याखालच्या लोखंडी कपाटात ठेवत होतो, ते त्यातल्या त्यात सगळ्यांत वाईट होतं. पूर्ण रिकामी ठेवणंही वाईटच, कारण मग ती कधी कधी परत उठतच नाही. निम्मी भरून, पूर्ण बंद करून, गार जागी ठेवायची.

पण गार जागा आणायची कुठून? शाळेला एसी नाही. उत्तर गावातच होतं. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं तुम्हाला माहीत आहेत: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी कड्या, त्यावर मातीचा थर. भर मेमध्ये आत शिरलं की अंगावरचं ऊन उतरतं. शाळेजवळ एका आजीचं असं घर आहे. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला. शाळेची वस्तू बाहेर कशी न्यायची, चोरी झाली तर कोण भरणार, असे प्रश्न आले, आणि ते बरोबरच होते. शेवटी ठराव झाला, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद घेतली, टॅबची पेटी कुलूप लावून ठेवायची आणि दर पंधरा दिवसांनी समितीचा एक सदस्य बघून येणार असं ठरलं. पहिली पाळी त्या सालदारानेच मागून घेतली.

मागच्या एप्रिलच्या शेवटी उरलेले आठ टॅब निम्मे चार्ज करून, बंद करून, सुती कापडात गुंडाळून आम्ही आजींकडे नेले. आजींनी दादरच्या कोठीशेजारची फळी पुसून दिली. पेटीकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग विचारलं, "यास्ले पानी लागस का गुर्जी?" नाही म्हणालो. जूनमध्ये पेटी उघडली तेव्हा आठही चालू झाले. त्यातले ते चार अजून तासाभरातच दमतात, त्यांची ताकद परत येणार नाही. ते आता आम्ही फक्त गोष्टी ऐकायला वापरतो, पडदा बंद करून.