काट्यावरची वेळ

उसाचा ट्रक कारखान्यात येऊन रिकामा होऊन जाईपर्यंत त्याची साधारण तीनदा नोंद होते. फाटकावर नंबर लागतो तेव्हा पहिली, भरल्या गाडीचे वजन होते तेव्हा दुसरी आणि रिकाम्या गाडीचे वजन होते तेव्हा तिसरी. या नोंदी ठेवल्या जातात त्या पैशासाठी. शेतकऱ्याचे उसाचे, टोळीचे तोडणीचे आणि वाहतूकदाराचे खेपेचे बिल त्यांवरूनच निघते. पण गाडी कोणती, कुठल्या शिवारातून आली, किती माल घेऊन आली आणि किती वाजता आली, हे सगळे एका ओळीत सापडत असल्याने मालवाहतुकीच्या सुरक्षिततेचा अभ्यास इथून सुरू करणे सोयीचे ठरते. त्यासाठी नवे यंत्र बसवावे लागत नाही. जुन्याच नोंदीला वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

बारामती–इंदापूर रस्त्यावरचे अंथुर्णे हे या अभ्यासाचे चांगले उदाहरण आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातला ऊस हंगामात याच रस्त्याने भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याकडे आणि परिसरातल्या इतर कारखान्यांकडे जातो. जवळच्या जंक्शनवर वालचंदनगरचा फाटा फुटतो, त्यामुळे तिथल्या अवजड यंत्रसामग्रीचे लांब ट्रेलरही इथून जातात. दुधाचे टँकर, एसटी, दुचाकी आणि बैलगाड्या यांची भर वेगळीच. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी हाच रस्ता चालते. पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे तोंडल्याकडे जाणारा हा पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी असून त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली.

अभ्यासाची पहिली पायरी छेद ठरवण्याची. एका वाहतूकदाराच्या गाड्यांचे हंगामात चार अपघात झाले आणि दुसऱ्याच्या गाड्यांचा एकच झाला, एवढ्यावरून पहिला बेफिकीर ठरत नाही. पहिल्याच्या खेपा दुसऱ्याच्या पाचपट असतील, तर उलटच निष्कर्ष निघतो. म्हणून अपघात नेहमी खेपांनी किंवा किलोमीटरने भागून पाहावे लागतात. रात्रीच्या खेपा वेगळ्या मोजाव्या लागतात, कारण दिवसाची आणि रात्रीची जोखीम एका सरासरीत घातली की दोन्ही दिसेनाशा होतात. काट्याची नोंद हा छेद आयता पुरवते. पोलिसांच्या नोंदीत फक्त अपघात असतात. सुखरूप पोहोचलेल्या खेपा तिथे नसतात.

दुसरा आकडा वजनाचा. जुलै २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने दोन आसांच्या ट्रकचे एकूण कमाल वजन १६.२ टनांवरून १८.५ टन आणि तीन आसांच्या ट्रकचे २५ टनांवरून २८.५ टन केले. गाडी या मर्यादेत आहे की नाही, हे महामार्गावर कुणीतरी थांबवून तपासावे लागते. कारखान्याच्या काट्यावर मात्र ते प्रत्येक खेपेला आपोआप कळते. जादा वजनाने ब्रेक तापतात, टायर फुटतात, पाटे तुटतात. उसाच्या बाबतीत उंचीही धोक्याची. मोळ्या टपापेक्षा वर रचल्या की भाराचा मध्य वर सरकतो आणि कालव्याच्या पुलावरच्या वळणाला किंवा साइडपट्टीच्या उतारावर गाडी कलंडते. ही उंची काट्याला कळत नाही. काट्यावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रातून ती मोजता येते.

तिसरा आकडा वेळेचा, आणि त्यातून सर्वांत जास्त उलगडते. फाटकावरचा नंबर आणि भरल्या गाडीचे वजन यांमधले अंतर म्हणजे यार्डातली वाट पाहणे. रिकाम्या गाडीचे वजन आणि तिचाच पुढचा नंबर यांमधले अंतर म्हणजे जाणे, भरणे आणि परत येणे. एका गाडीच्या अशा वेळा आठवडाभर एकाखाली एक मांडल्या की चालकाला सलग झोप कधी मिळाली असेल याचा बराचसा अंदाज येतो. मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. यार्डात केबिनमध्ये बसून काढलेले तास मात्र अनेकदा कामातही धरले जात नाहीत आणि विश्रांतीतही. रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते, म्हणून ती झोप तुटक राहते. पैसे टनावर आणि अंतरावर मिळत असल्याने यार्डात गेलेला वेळ रस्त्यावर भरून काढण्याकडे चालकाचा कल होतो. अशा वेळी अपघाताच्या कागदावर ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहिले जाते. नोंदींची उतरंड पाहिली तर त्याच्या मागे रांग दिसते. म्हणून तोडणीचा कार्यक्रम आणि गाळपाचा वेग यांचा मेळ घालणे, गाड्यांना ठरावीक तासांचे नंबर देणे आणि यार्डात झोपायला वेगळी जागा करणे ही सुरक्षिततेचीच कामे ठरतात.

चौथा आकडा वेगाचा, पण तो एकटा पुरत नाही. १ ऑक्टोबर २०१५पासून बनलेल्या बहुतेक वाहतूक वाहनांना ताशी ८० किलोमीटरपुढे जाऊ न देणारे वेगनियंत्रक बसवण्याचा नियम आहे. उसाच्या पट्ट्यात धोका ठरतो तो दोन वेगांतल्या फरकाने. समजा, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री ताशी १५ किलोमीटरने चालला आहे. मागे दिवा नाही, आणि मागच्या ट्रकच्या उजेडात तो ५० मीटरवर दिसतो. चालकाला ओळखून ब्रेक दाबायला दोन सेकंद लागतात असे धरू. ट्रक ६०ने येत असेल, तर त्या दोन सेकंदांत दोघांमधले अंतर २५ मीटरने घटते आणि २५ मीटर उरतात. त्यात दर सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरने वेग कमी केला की टक्कर टळते. ब्रेक चांगले असतील तर हे साधते. ट्रक ८०ने येत असेल, तर जेमतेम १४ मीटर उरतात आणि दर सेकंदाला सुमारे ४२ किलोमीटरने वेग घटवावा लागतो. कोरड्या डांबरावरही कोणत्याच ट्रकला ते जमत नाही. तीच ट्रॉली परावर्तक पट्टीमुळे १५० मीटरवरून दिसली, तर ८०च्या ट्रकलाही दर सेकंदाला सुमारे पाच किलोमीटरची घट पुरते. हजारो रुपयांच्या यंत्राने जे साधत नाही ते ट्रॉलीच्या फळक्यावर चिकटवलेली पट्टी साधते, हे या गणितातून दिसते.

जागेची माहिती अपघातांच्या नोंदीतून मिळते. आयआयटी मद्रासने विकसित केलेली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत राबवली जाणारी एकात्मिक रस्ते अपघात माहिती प्रणाली २०२१पासून वापरात आली. प्रायोगिक टप्प्यातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पोलीस घटनास्थळीच अक्षांश-रेखांशासह नोंद करतात. त्यामुळे ‘अंथुर्णे गावाच्या हद्दीत’ अशा मोघम शब्दांऐवजी नेमका फाटा किंवा नेमकी मोरी नकाशावर येते. राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर तो अपघातप्रवण मानला जातो. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले. आकडे इतके मोठे असले तरी एका फाट्याच्या वाट्याला वर्षात एखाद-दुसरा अपघात येतो आणि इतक्या थोड्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे फसवे असते. एका वर्षी तीन अपघात झाले, फलक लावला, पुढच्या वर्षी एकच झाला. हा फलकाचा गुण असेलच असे नाही, कारण वाईट वर्षानंतरचे वर्ष पुष्कळदा आपोआपच बरे जाते. म्हणून मृत्यूंची वाट न पाहता टळलेले अपघात मोजतात: जीपीएस यंत्राने टिपलेले अचानक दाबलेले ब्रेक, झटक्याने वळवलेले स्टिअरिंग, दुभाजकाच्या फटीजवळ उलट दिशेने शिरलेल्या गाड्या. असे प्रसंग एकाच जागी साचू लागले की त्या जागेत दोष असतो. तेच एका गाडीमागे सगळीकडे दिसले तर आधी गाडीचे ब्रेक तपासावेत आणि चालकाशी नंतर बोलावे.

रस्ता बदलला की जुनी माहिती शिळी होते. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोरासमोर टक्कर होई. चौपदरी झाल्यावर ती कमी होते, पण ट्रकचा वेग वाढतो आणि ट्रॅक्टर होता तितकाच हळू राहतो. शिवाय समोरचे शेत गाठायला लांबचा वळसा नको म्हणून ट्रॉल्या उलट बाजूने येतात. रुंदीकरणाआधीच्या तीन वर्षांचा नकाशा अशा रस्त्याला लावला तर काम चुकीच्या जागी होते.

शेवटी, या सगळ्या नोंदींत जे येत नाही तेही मोजावे लागते. बैलगाडीला जीपीएस नसतो. कित्येक ट्रॉल्यांवर वाचता येईल असा क्रमांक नसतो. पहाटे कोपीतून निघून रस्त्याच्या कडेने फडाकडे चालणारी टोळी कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. त्यांच्यासाठी हंगामात दोन-चार रात्री फाट्यावर उभे राहून वही-पेनानेच मोजणी करावी लागते: किती ट्रॉल्या गेल्या, त्यांतल्या कितींच्या मागे पट्टी होती, किती बंद गाड्या दिव्याविना रस्त्यात उभ्या होत्या. वाहतुकीचे करार हंगामापूर्वी होतात, म्हणून मोजणीचा निकाल उन्हाळ्यातच कारखान्याच्या शेती विभागाकडे पोहोचावा लागतो. त्यानंतर पट्टी, मागचा दिवा आणि ट्रॉलीचा हुक पाहिल्याशिवाय करार न करण्याची अट घालता येते. पुढच्या हंगामात त्याच फाट्यावर, त्याच तासांत पुन्हा मोजणी करायची आणि ती त्या हंगामातल्या खेपांनी भागायची.