नमुन्यांच्या बाजारात

शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून शहराकडे जाणारी आगगाडी धरली की पहिलेच स्टेशन लागते रोझमाँट. हॉटेले, मोटारी ठेवायच्या इमारती आणि त्यांच्यामध्ये एक अवाढव्य प्रदर्शनगृह, असा तिथला देखावा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनचा नाण्यांचा मेळा तिथे भरला होता. ही संस्था १८९१ साली शिकागोतच जन्मली. म्हणजे मेळा माहेरपणालाच आला होता म्हणा ना!

आत शेकडो टेबले, त्यांवर दिवे, आणि भिंगाला डोळा लावून बसलेली माणसे. मौज अशी, की नाणे हाती लागतच नाही. ते स्वच्छ प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमचे बंद. हिला म्हणतात स्लॅब. नाण्याची प्रत १ ते ७० गुणांत ठरते, आणि एका गुणाने किंमत कुठल्या कुठे जाते. विकणारा म्हणणार पासष्ट, घेणारा म्हणणार चौसष्ट! हे भांडण तोडायला कॅलिफोर्नियात १९८६ साली पीसीजीएस ही कंपनी कामाला लागली आणि पाठोपाठ १९८७ मध्ये एनजीसी आली. नाणे पाठवा; ते गुण देतात, चिठ्ठी घालतात आणि डबी बंद करतात.

आता ही डबी दिसते कशी, हे गिऱ्हाइकाला कळायला हवे. म्हणून कंपन्यांनी मेळ्यांतून नमुने वाटले. आत डाइमसारखे किरकोळ नाणे, चिठ्ठीवर ‘सँपल’ हा शब्द, आणि गुण बहुधा नाहीतच. फुकटची वस्तू सांभाळतो कोण? पुष्कळ डब्या केरात गेल्या असतील. ज्या उरल्या, त्यांचे आज शौकीन आहेत. (आपल्याकडे अशा माणसालाच ‘नमुना’ म्हणतात!)

असेच एक वृद्ध गृहस्थ एका टेबलाशी दोन डब्या शेजारी शेजारी ठेवून बसले होते. ‘‘नाण्यावरचे साल पाहून फसू नका,’’ ते म्हणाले. १९६४ ची डाइम आत असली तरी डबी त्या सालची कशी असेल? तेव्हा कंपनीच नव्हती! सालावरून एवढेच कळते, की डबी त्याआधीची नाही. खरे वय प्लॅस्टिक सांगते. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या डब्यांत नाणे सैल असे, हलवले की खुळखुळे. एनजीसीच्या १९८७ मधल्या पहिल्या डब्यांत नाण्याभोवतीची बैठक काळी होती. ती लवकरच पांढरी झाली. पुढे चार खुंट्यांवर तोललेले नाणे आले, म्हणजे त्याची कडही दिसावी. चिठ्ठीचा रंग, अक्षरांचे वळण, मागची चकाकती मुद्रा, सारे ते बोटाने दाखवीत होते.

पण बोट एका डबीवर अडले. या कंपन्यांच्या नावाने खोट्या डब्याही बाजारात आल्या आहेत. नेहमीच्या स्लॅबवरचा क्रमांक निदान कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहता येतो. पुष्कळ सँपलांना स्वतःचा असा क्रमांकच नसतो. मग उरते काय? निःसंशय अस्सल डबी शेजारी ठेवायची आणि सांधा न् सांधा पाहायचा.

पाव तास त्यांनी तेच केले. मग एक डबी विक्रेत्याकडे मुकाट्याने सरकवली आणि दुसरीचे पैसे मोजले. आतल्या दहा सेंटांच्या नाण्याकडे दोघांपैकी कोणीही पाहिले नाही.