पिकायचं ते झाडावरच

आंबा अढीत घालता येतो, केळ्याचा घड उतरवून पिकवता येतो. अंजिराला ही सोय नाही. कच्चं तोडलं तर ते मऊ पडेल, पण गोडी तोडताना होती तेवढीच राहते. पिकलेलं तोडावं तर साध्या हवेत दोन दिवसांत आंबायला लागतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच आहे. पण सासवडहून धाराशिवला पोचायचं म्हणजे त्याला थोडं आधीच झाड सोडावं लागतं. यात बागायतदाराची चूक नाही, व्यापाऱ्याचीही नाही. फळाचा स्वभावच तसा. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की अंजिराची खरी चव घरच्या झाडालाच कळते. पिकलेलं फळ देठाशी मान टाकतं, सालीवर बारीक उभ्या चिरा पडतात, बुडाच्या डोळ्यातून एखादा मधाळ थेंब डोकावतो. तोडताना देठातून पांढरा चीक भळभळला, तर आपण घाई केली असं समजावं. सकाळी ऊन चढायच्या आत तोडावं आणि तिथंच खावं. धुण्यापुरता उशीर चालेल.

धाराशिवात फळझाड म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा, आणि तो खोटा नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात बागेच्या गोष्टी कुणाला सुचाव्यात? पण परसातलं एक झाड म्हणजे बाग नव्हे. भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी आळ्यात गेलं तरी त्याला मोठा आधार होतो. साबणाचं मात्र नको. शिवाय फळ पिकताना पाणी जास्त झालं तर साल तडकते, गर पांचट होतो. बालाघाटाच्या कडेची मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि कोरडी हवा अंजिराला मानवते. उलट पावसाळी दमट हवेत पानांवर तांबेरा येतो, पानगळ होते. म्हणून खट्टा बहार सोडून उन्हाळ्यात येणारा मीठा बहारच धरावा. ज्या उन्हाला आपण नावं ठेवतो, तेच इथं साखर भरतं.

दुसरी शंका जुनी आहे: उंबर फोडलं की केंबरं निघतात, मग त्याच्याच भावकीतल्या अंजिराचं काय? स्मर्ना जातीला फळ धरायला एका बारीक गांधीलमाशीची गरज लागते, हे खरं. आपल्याकडची पूना अंजीर जात मात्र परागीभवनाशिवायच फळते, त्यामुळे त्या माशीचा प्रश्न येत नाही. मुंगी डोळ्यातून शिरते कधीकधी, म्हणून फोडून बघून खावं. जैन आचारात उदुंबर वर्गातली फळं वर्ज्य मानतात. कुंथलगिरी ज्या जिल्ह्यात आहे तिथं हे सांगायला नको. तो श्रद्धेचा भाग, तिथं माझा युक्तिवाद चालत नाही आणि चालवूही नये.

राहिलं सुकं अंजीर. दोरीत ओवलेली अफगाणी अंजिरं बारमाही मिळतात, रात्री भिजवून सकाळी खाल्ली की पोटाला बरी, मग झाडाचा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मनुका आणि द्राक्ष एकच वाटत असावं. सुकवल्यावर गोडी दाट होते, पण ओल्या गराचा तो दाणेदार लुसलुशीतपणा, सालीचा किंचित हिरवट वास, हे सगळं उन्हात जातं. आता बुलबुल आणि साळुंक्या आपल्याआधी झाडावर हजर असतात, ही तक्रार मात्र मान्य. वरच्या फांद्या त्यांना सोडाव्यात, हाताशी येणाऱ्या फळांना जुन्या सुती कापडाच्या पिशव्या बांधाव्यात.